माकडांच्या हार्मोनवर पीएचडी करायची आहे, पैसा कुठून उभा करायचा?

काजूबी

नमस्कार मंडळी. मी कणकवलीजवळच्या एका गावातली. प्राणिशास्त्रात एमएस्सी झालं, नेट निघाली, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप, थोडक्यात हुकली. आमच्या बागेत लाल तोंडाच्या माकडांची एक टोळी येते, तिला लहानपणापासून बघतेय. त्या टोळीत पाच-सहा मोठे नर आहेत आणि ते एकमेकांना चिकटून, एकमेकांच्या उवा काढत तासन् तास बसतात. घाटात मात्र, जिथे पर्यटक गाडीतून वेफर्स टाकतात, तिथल्या टोळ्यांत एखादाच मोठा नर दिसतो. नरांच्या या दोस्तीचा त्यांच्या अंगातल्या ताणाच्या हार्मोनशी आणि टेस्टोस्टेरॉन या नर-हार्मोनशी काही संबंध लागतो का, हे मला तपासायचंय. जमलं तर ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलं जाणारं हार्मोनही.

गाईड भले आहेत, पण ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "हार्मोनच्या नादी लागू नकोस, तो श्रीमंत लॅबचा खेळ. फुलपाखरांची यादी कर, तीन-चार वर्षांत मोकळी होशील." खरंच इतका खर्च येतो का? आणि असल्या विषयाला आपल्याकडे कोण पैसे देतं? घरून महिन्याच्या खर्चापलीकडे काही मागता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सडेफटिंग

पुन्हा नेट द्या, जेआरएफ काढा. फेलोशिप हातात नसताना हार्मोनबिर्मोन म्हणजे लष्करच्या भाकऱ्या. गाईडशी वाकडं घेऊ नका, शेवटी सही त्यांचीच लागते. बाकी लेंडीवाली ताई येतीलच, त्यांचा विषय आहे.

लेंडीवाली

आले आले. काजूबी, तू वयाने लहान आहेस म्हणून सरळ अगं-तूगं करते. माझी पीएचडी जंगली प्राण्यांच्या विष्ठेतल्या हार्मोनवर झाली, त्यावरूनच हा आयडी. त्यानंतरची बरीच वर्षं प्रपोजलं लिहिण्यात आणि ती परत आलेली बघण्यात गेली. त्या जोरावर सांगते: तुझ्या गाईडांनी खर्चाचं गणित उलटं मांडलंय. या विषयात हार्मोन मोजणं स्वस्त, प्राणी ओळखणं महाग. आणि गंमत अशी की पैसे देणारेही बहुतेक उलटंच धरून चालतात.

हिशेबच कर ना. हार्मोन मोजायची चाचणी म्हणजे एलायझा, तिच्या एका प्लेटला ९६ खड्डे. त्यातले काही तुलनेसाठीच्या स्टँडर्ड आणि कंट्रोलला जातात, प्रत्येक नमुना दोनदा लावायचा, म्हणजे हाती उरतात ३८-४० नमुने. तयार किट साधारण चाळीस-पन्नास हजारांच्या घरात पडतं. दोनशे नमुने आणि दोन हार्मोन धरले तर पाच लाखांच्या आतबाहेर. अँटीबॉडी आणून प्लेट स्वतः तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत गेलीस तर त्याहून कितीतरी कमी. हैदराबादला अत्तापूरमध्ये सीसीएमबी या केंद्रीय जीवशास्त्र संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा आहे. वाघापासून माकडापर्यंत कित्येक प्राण्यांच्या विष्ठेतले हार्मोन तिथे मोजले गेलेत. अशा ठिकाणी सहकार्य मागायचं, स्वतःच्या कॉलेजात प्लेट रीडर घ्यायच्या भानगडीत पडायचं नाही.

आता दुसरी बाजू. ते पाच-सहा नर तू आज ओळखतेस. घाटातले नर कोण ओळखणार? टोळीमागे पहाटेपासून संध्याकाळपर्यंत दोन माणसं हवीत. महिना वीस हजारांनी दोघांचे तीन वर्षांचे झाले १४ लाख ४० हजार. शिवाय तुझी फेलोशिप, मोटारसायकलचं पेट्रोल, आंबोलीत नाहीतर फोंडाघाटात खोलीचं भाडं. प्रपोजल तज्ज्ञ समितीपुढे गेलं की पहिली कात्री याच ओळीवर चालते. "फील्ड असिस्टंट दोन कशाला? एक पुरे." किटला कोणी हात लावत नाही, कारण किट म्हणजे विज्ञान आणि माकडामागे चालणं म्हणजे सहल!

माणसांवरचा खर्च का वाचवू नये, याचं माझं आवडतं उदाहरण केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांचं. जीन आणि स्टुअर्ट ऑल्टमन यांनी १९७१ मध्ये तिथे काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. प्रत्येक बबून नावानिशी माहीत, आई कोण, कोणाकडून कधी हरला, सगळं वहीत. २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा पेपर आला: १२५ नर, ९ वर्षांची विष्ठा. तोवर धारणा अशी की टोळीचा दादा निवांत असतो आणि ताण खालच्यांना. निघालं भलतंच. पहिल्या क्रमांकाच्या नराचं टेस्टोस्टेरॉनही चढं आणि ताणाचं हार्मोनही चढं. दुसऱ्या क्रमांकाचा त्यामानाने सुखी. आता विचार कर, कुठली लेंडी पहिल्याची आणि कुठली दुसऱ्याची हेच माहीत नसतं, तर त्या आकड्यांची किंमत काय? नुसती सरासरी निघाली असती.

तुझा प्रश्न चांगला आहे, हे तुझं मन राखायला म्हणत नाही. अनिंद्य सिन्हा आणि सहकाऱ्यांनी बंदीपूर-मुदुमलाई भागात याच माकडांच्या एकनरी टोळ्या नोंदवल्यात, रस्त्यावर पर्यटकांचं आयतं खाणं मिळतं तिथे. २००५ च्या 'करंट सायन्स'मध्ये तो पेपर आहे, आधी तो वाच. आणि मोरोक्कोतल्या बार्बरी माकडांवर २०१४ मध्ये काम झालंय: ज्या नरांची इतर नरांशी घट्ट मैत्री, त्यांच्यात मारामारीचा आणि थंडीचा ताण कमी चढतो. ही दोन टोकं आपल्याकडे कोकणात एका तालुक्यात जुळत असतील, तर प्रपोजलचं पहिलं पान तिथेच तयार झालं.

ऑक्सिटोसिन मात्र सोड. विष्ठेत टिकतात ते स्टेरॉइड हार्मोनचे अवशेष. ऑक्सिटोसिन पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, आतड्यातून बाहेर पडेपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही. युगांडातल्या बुडोंगोच्या चिंपांझींमध्ये ते लघवीतून मोजलं, आणि जवळच्या सोबत्याबरोबर साफसफाई झाल्यावर ते वाढलेलं दिसलं. पण त्यासाठी लघवी पानावरून पिपेटने उचलायची किंवा झाडाखाली प्लास्टिक धरून झेलायची, वर ती ताबडतोब गोठवायची. कोकणातल्या उकाड्यात, नारळाच्या झाडाखाली. त्यापेक्षा टी-थ्री हे थायरॉइडचं हार्मोन धर. ते विष्ठेतून मोजता येतं आणि उपाशीपोटाचा ताण कुठला, भांडणाचा कुठला हे वेगळं काढायला मदत करतं.

पैशाचं आता. एएनआरएफ, म्हणजे २०२३ च्या कायद्याने सर्बच्या जागी आलेली, संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, तिच्याकडे विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी थेट अर्ज करता येत नाही. तिथली प्रकल्पाची अनुदानं नोकरीत असलेल्या प्राध्यापकांना मिळतात. पाच वर्षांत ५०,००० कोटी हा आकडा ऐकला असशील, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे, त्यामुळे त्यावर मनोरे रचू नकोस. तुझ्या पोटापाण्यासाठी फेलोशिप वेगळी काढ. जेआरएफ निघाली तर महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे ४२,०००, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. नाही निघाली तर राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांपैकी जिच्या प्रवर्गात बसत असशील तिथे पीएचडीची नोंदणी झाल्या झाल्या अर्ज टाक. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, कागद आधीच काढून ठेव.

फील्डच्या खर्चाला छोटी अनुदानं जोडायची. माकडांच्या वर्तनाला लीकी फाउंडेशन पैसे देतं, पण पीएचडीची सुरुवातीची पायरी ओलांडलेली असावी लागते. इंग्लंडचं रफर्ड संवर्धनाला देतं, तिथे "नरांची दोस्ती" लिहिलंस की संपलं, "माणूस-माकड संघर्ष" लिहावं लागेल. दुर्बीण, जीपीएस, कॅमेरा हवा असेल तर आयडिया वाइल्ड वस्तूच देतं, रोख नाही. परदेशी पैसा कुठल्या खात्यात घेता येईल हे अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या लेखा विभागात विचार. मंजूर झालेला पैसा घेता न आल्याने परत गेलेला मी जवळून पाहिलाय.

आणि एक बारकावा, जो कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत नसतो. केंद्राच्या प्रकल्पाचे न वापरलेले पैसे ३१ मार्चला हातचे जातात, पुढच्या वर्षाचे यायला जून-जुलै उजाडू शकतो. तुझा सगळा हंगाम नोव्हेंबर ते मे, कारण जूनपासून विष्ठा पावसात धुऊन जाते. म्हणजे भर एप्रिल-मेमध्ये, फणस पिकलेला असताना आणि माकडं बागेत ठाण मांडून असताना, तुझ्या दोन सहायकांचा पगार अडकणार. ते महिने छोट्या अनुदानातून भागतील असं आधीच बसव.

बागायतदार_वेंगुर्ला

सगळं वाचलं. राग मानू नका, पण आमच्याकडे माकडां झाडार एक शहाळां ठेवणत नाय. केळीचा लोंगर पिकायच्या आधी गायब. पंचनामा, अर्ज, फाईल यांत भरपाई मिळेस्तोवर दुसरं पीक जातं. आणि इकडे माकडाला टेन्शन आलंय की नाही हे मोजायला लाखांचा खर्च? त्याला कसलं टेन्शन, आमच्या जिवावर मजेत आहे तो.

लेंडीवाली

भाऊ, राग कसला. "मजेत आहे" हे तुम्ही म्हणताय ना, ते नेमकं मोजून झालंय, फक्त हत्तींमध्ये. संजीता पोखरेल आणि रमण सुकुमार यांच्या गटाने दक्षिण भारतातल्या हत्तींच्या शेणातली ताणाची हार्मोनं तपासली, २०१९ मध्ये ते छापून आलं. सगळ्यांचा अंदाज असा की माणसाच्या शेतात घुसणारा, फटाके आणि टॉर्च झेलणारा हत्ती जास्त ताणात असेल. निघालं उलट. शेतातल्या हत्तींची पातळी जंगलातल्यांपेक्षा कमी होती. कारण खाणं कसदार. म्हणजे चांगल्या जेवणाने त्रासाची भरपाई होत होती.

आता हे तुमच्या बागेला लावून बघा. फटाके वाजवून, गलोल मारून माकडाला जो त्रास होतो, तो पिकलेल्या केळीपुढे काहीच नसेल, तर फटाक्यांवरचा पैसा वायाच चाललाय की! उलट त्रास खरंच बसत असेल आणि तरीही ती येत असतील, तर जंगलात खायला काही उरलेलं नाही असा अर्थ निघतो. दोन्हीवरचा उपाय वेगळा. वरवर बघून हे कळत नाही, दोन्ही वेळा माकड तसंच दात काढून बसलेलं असतं. कान्हा आणि बांधवगडच्या वाघांचंही तसंच. पर्यटनाच्या गाड्यांनी त्यांच्यात ताण वाढतो हे विष्ठेतून कळलं, वाघ काही तक्रार घेऊन आला नव्हता.

काजूबी, तुझ्या प्रपोजलमध्ये भाऊंचा प्रश्न असलाच पाहिजे. पैसे मिळावेत म्हणून चिकटवलेला नको, खरोखरचा.

अर्बानाकर

मी या विषयातला नाही, पण अमेरिकेत इलिनॉयमधल्या ज्या अर्बाना गावात राहतो तिथली एक गोष्ट इथे चपखल बसते. १९७० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचे लोवेल गेट्झ इथल्या गवताळ माळावर पिंजरे लावून प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्याची मोजदाद करत होते. तोच नर आणि तीच मादी पुन्हा पुन्हा एकाच पिंजऱ्यात सापडायला लागली. तिथून सू कार्टर यांच्यासारखे हार्मोनवाले आत आले, मग टॉम इन्सेल, आणि जोडी जमवण्यात ऑक्सिटोसिन-व्हॅसोप्रेसिन या हार्मोनांचा हात आहे हा सगळा डोलारा उभा राहिला. मोठा पैसा आला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडून, ऑटिझमसारख्या विषयांशी नातं जोडल्यावर. नुसत्या मोजदादीला तो कधीच मिळाला नसता.

पुढची गंमत २०२३ ची. ऑक्सिटोसिनला पेशीवर पकडणारं रिसेप्टरच जनुकातून काढून टाकलेले व्होल तयार केले, आणि तरी त्यांनी व्यवस्थित जोड्या जमवल्या. त्यामुळे काजूबी, ऑक्सिटोसिन सोडल्याचं दुःख करू नका.

आणि अमेरिकेच्या भरवशावर राहू नका. २०२५ मध्ये इथल्या सरकारने एनएसएफ या विज्ञानाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेचं बजेट ९ अब्ज डॉलरवरून ३.९ अब्जांवर आणायचा प्रस्ताव मांडला होता. संसदेचं त्यावर काही का म्हणणं असेना, माझ्या शेजारच्या लॅबमध्ये लोकांनी विद्यार्थी घेणं थांबवलं ते तेव्हापासून.

लेंडीवाली

अर्बानाकर, व्होलबद्दल धन्यवाद. तुमच्याच देशातली तरसांची जोडगोष्ट मी सांगते. ठिपकेवाल्या तरसांत मादी नरावर दादागिरी करते आणि तिचे बाह्य अवयवही नरासारखे दिसतात. हे हार्मोनमुळे होतं का ते बघायला बर्कलेत लॉरेन्स फ्रँक आणि स्टीव्ह ग्लिकमन यांनी केनियातून पिल्लं आणून तरसांची वसाहत उभी केली, १९८५ च्या सुमारास. फार मोठं काम झालं तिथे. गाभण मादीला नर-हार्मोन रोखणारी औषधं दिली तरी पिल्लाचा तो अवयव नाहीसा झाला नाही, म्हणजे सगळं काही टेस्टोस्टेरॉनवर ढकलता येत नाही, हे तिथेच कळलं. पण तरसांना रोज मांस लागतं, कुंपण लागतं, डॉक्टर लागतो. अनुदान आटलं आणि २०१४ मध्ये वसाहत बंद झाली.

दुसरीकडे के होलेकॅम्प १९८८ पासून मसाई मारात जंगली तरसांमागे फिरताहेत. प्रत्येक तरस ठिपक्यांवरून ओळखीचं. २००६ मध्ये त्यांच्या गटाचा 'नेचर'मध्ये पेपर आला: वरच्या दर्जाच्या मादीत गाभणपणाच्या शेवटी नर-हार्मोन जास्त, आणि तिची पिल्लं जास्त आक्रमक. हार्मोन मोजलं कशातून? शेणातून. ते काम बंद पडलेलं नाही.

काजूबी

ताई, वाचनखूण साठवली आहे, गाईडांनाही प्रिंट काढून देणार. ऑक्सिटोसिन गेलं, टी-थ्री आलं. दोन शंका. परवानगी आधी की पैसे आधी? आणि नमुना घ्यायचा कसा, आमच्याकडे फ्रीजची वीज दिवसातून चारदा जाते.

लेंडीवाली

परवानगी आधी. वन्यजीव विभागाच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांच्या नावे अर्ज, कार्यालय नागपूरला, तुझ्या उपवनसंरक्षकांमार्फत पाठव. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर आणखी वरची पायरी लागते, ते त्यांनाच विचार. अर्जात दोन गोष्टी विसरू नकोस: विष्ठा गोळा करायची आहे, आणि ती हैदराबादला न्यायची आहे. दुसरी राहिली की वर्षभराच्या नळ्या तुझ्याच कपाटात पडून राहतात. स्वतःच्या बागेत बसून माकडं बघायला आणि वही भरायला कोणाचीही परवानगी लागत नाही, ते उद्यापासून सुरू कर.

विजेची काळजी नको. ताजी विष्ठा काडीने नीट कालवायची, फणसाच्या आठळ्या आणि रातांब्याच्या बिया बाजूला काढायच्या, लघवी लागलेला भाग टाळायचा, आणि थोडीशी अल्कोहोलच्या नळीत टाकायची. किती टक्के अल्कोहोल ते जिथे मोजणार त्या लॅबला विचारून, नाहीतर तुझे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. नळीवर मार्करने लिहू नकोस. अल्कोहोल सांडलं की शाई पुसते आणि मग कोण दादा, कोण चमचा काही कळत नाही. पेन्सिलने चिठ्ठी लिहून नळीच्या आत टाक. आणि आकडा आजच्या भांडणाचा समजू नकोस, विष्ठेत दिसतो तो आदल्या एक-दोन दिवसांचा हिशेब. म्हणून भांडणाच्या नोंदी रोजच्या रोज हव्यात.

आणखी एक, हे गमतीत घेऊ नकोस. तुमच्या जिल्ह्यात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून माकडताप आहे. गोचिडीतून होतो, माणसं गेलीत त्यात. जंगलात जाताना पूर्ण बाह्या, पायमोजे पँटवर ओढून, घरी आल्यावर अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. सहायकांनाही हेच शिकव आणि त्यांच्या विम्याचे पैसे बजेटमध्ये धर.

यातच तुझ्या पैशाची एक वाटही आहे. माकडं एकमेकांच्या अंगावरून वेचतात काय? उवा आणि गोचिडीच. ज्या टोळीत नर एकमेकांना तासन् तास साफ करतात आणि ज्या टोळीत करायला दुसरा नरच नाही, त्यांच्या अंगावरच्या गोचिडींत फरक पडतो का? ताणाने प्रतिकारशक्ती घटलेलं माकड जास्त बळी पडतं का? हा प्रश्न आरोग्याच्या पैशाच्या दारात जाऊ शकतो, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, आणि माकडतापावर काम करणारी एनआयव्ही ही विषाणूंची संस्था पुण्यातच आहे. गाईडांच्या नावाने प्रकल्प टाकायचा तर मी हाच टाकला असता.

मसुदा झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. बजेटचं पान आधी पाठव, बाकीचं नंतर वाचते.